पाण्याची पाळी

यंदा जानेवारीत अम्मीला घेऊन मी मस्कतला धाकट्या भावाकडे गेले होते. कोकणातल्या आपल्या घरांना मस्कत काही परकं नाही. प्रत्येक मोहल्ल्यातलं कुणी ना कुणी तिथे नोकरीला असतं. अत्तराची बाटली, खजुराचा डबा, ओमानी हलवा, असं करत ते शहर आपल्या कपाटात कधीच येऊन बसलेलं असतं. पण मस्कतच्या पलीकडे, डोंगरात काय आहे, हे तिथे पंधरा-पंधरा वर्षं काढलेल्यांनाही ठाऊक नसतं. माझा भाऊ त्यातलाच. या वेळी तोच म्हणाला, "आपा, दोन रात्री डोंगरातल्या एका जुन्या गावात राहू. मुलांना बरं वाटेल, अम्मीलाही बदल."

बदल सगळ्यांनाच हवा होता, कारण आम्ही आल्यापासून घरात एक विषय जो तो टाळत होता. रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठावर आमचं वडिलोपार्जित घर आहे. अब्बा गेल्यापासून ते बहुतेक बंदच असतं. अम्मी मोठ्या भावाकडे मुंब्र्याला, मी चिपळूणला, धाकटी बहीण पनवेलला. घराला आणि मागच्या आंब्याच्या कलमांना मुंबईचं एक गिऱ्हाईक आलं होतं. दोन्ही भावांचं विकायचं जवळजवळ ठरलं होतं. आम्हा बहिणींसाठी हक्कसोडपत्राचा मसुदा तयार होऊन माझ्या फोनवर येऊन पडला होता. मे महिन्यात धाकटा आला की दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन सह्या करायच्या. मी "बघू" एवढंच म्हटलं होतं. अम्मी तर काहीच बोलली नव्हती.

गुरुवारी जुहरनंतर आम्ही निघालो. मस्कतहून सुमारे २०० किलोमीटरचा प्रवास, सगळा रस्ता डांबरी आणि रुंद. वाटेत निझवा लागतं. एकेकाळी ओमानच्या इमामांची ही राजधानी होती. १७ व्या शतकात बांधलेला तिथल्या किल्ल्याचा भलामोठा गोल बुरूज लांबूनच दिसतो. पुढे अल हमरा नावाचं जुनं गाव, आणि तिथून चढ. डोंगर पूर्ण उघडा, तांबूस-करडा, गवताची काडी नाही. अम्मी खिडकीतून बघत म्हणाली, "इथे माणसं राहतात तरी कशी?" तेवढ्यात वळण आलं आणि समोर खडकावर खडकाच्याच रंगाची घरं, आणि त्यांच्या पायथ्याशी खाली दरीपर्यंत उतरत गेलेली हिरवीगार खजुराची बाग दिसली. हे मिस्फात अल अब्रियीन. अब्रियीन म्हणजे अल अब्री कबिल्याचे लोक. ओमानचा सर्वांत उंच डोंगर जबल शम्स सुमारे ३००० मीटरचा आहे, त्याच्याच उतारावर हे गाव वसलं आहे.

गाडी वरच ठेवावी लागते. गावाच्या तोंडाशी पाटी आहे: अंगभर कपडे घाला, गावकऱ्यांच्या शांततेचा मान राखा. अम्मी पाटी वाचून खूश झाली. पण पुढच्या पायऱ्या पाहून तिची खुशी उतरली. दोन माणसं जेमतेम शेजारून जातील एवढी गल्ली, कुठे डोक्यावर घराचाच मजला आलेला, कुठे खडकातच खोदलेल्या पायऱ्या. आमचं सामान एक मुलगा खांद्यावर टाकून पुढे गेला आणि अम्मी एका हाताने माझा खांदा, दुसऱ्या हाताने भिंत धरत उतरली.

आमचं अतिथीगृह म्हणजे मुळात तीन मजली जुनं घर. दगडी पाया, त्यावर मातीच्या भिंती, छताला खजुराच्या खोडांचे वासे, त्यांवर झावळ्यांच्या चटया आणि माती. खोलीत खाट नाही, जाड गाद्या जमिनीवर. भिंतीत कोनाडे. अम्मी आत शिरताच थबकली. भिंतीवरून हात फिरवत म्हणाली, "आपल्या माजघरासारखा वास येतो."

यजमान चाळिशीचा. पायघोळ पांढरी दिश्दाशा, डोक्यावर कशिद्याची कुम्मा टोपी. बऱ्याच ओमानी लोकांप्रमाणे त्यालाही कामापुरती हिंदी येत होती. त्याने आधी आम्हाला गच्चीवर बसवलं, खजूर पुढे ठेवले आणि वेलची घातलेला बिनसाखरेचा कहवा छोट्या फिंजानांतून दिला. फिंजान रिकामा झाला की तो पुन्हा भरायचा. चौथ्यांदा भरल्यावर अम्मी घाबरली. तेव्हा भावजयीने खूण शिकवली: पुरे झालं की फिंजान हलकेच हलवून परत द्यायचा.

यजमानाने घराची कथा सांगितली ती अशी. हे त्याच्या आजोबांचं घर. रस्ता आला, वीज आली, तशी माणसं वर सपाटीवर सिमेंटची घरं बांधून राहायला गेली. इथे गाडी येत नाही, म्हातारा आजारी पडला तर त्याला उचलून न्यावं लागतं, मग कोण राहणार? घराला कुलूप लागलं. "घर भिंतीतून पडत नाही, उम्मी," तो अम्मीला म्हणाला. "छतातून पडतं. वर कुणी फिरत नाही, भेग दिसत नाही. एका पावसात पाणी आत येतं, मग भिंत."

अम्मीने माझ्याकडे पाहिलं. आमच्या घराची कौलं गेली तीन वर्षं शाकारलेली नाहीत. माकडांनी किती फोडलीत, हेसुद्धा कुणी मोजलेलं नाही.

मग गावातल्या काही कुटुंबांनी जुनी घरं दुरुस्त करून पाहुण्यांसाठी उघडली. यजमानाच्या घरातही यावरून वाद झाला. त्याच्या वडिलांना ते मुळीच पटेना. पाहुण्याकडून पैसे? तीन दिवसांची मेहमाननवाजी तर पाहुण्याचा हक्क आहे. शेवटी तोडगा निघाला: खोलीचे आणि जेवणाचे पैसे घ्यायचे, पण दारात आलेल्याला कहवा आणि खजूर द्यायचे ते मात्र फुकट. मग तो राहो वा न राहो. ते आजही पाळलं जातं, हे आम्ही दोन दिवस पाहिलं. २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पर्यटन संघटनेने जगातल्या उत्तम पर्यटन गावांची पहिली यादी काढली, तिच्यात मिस्फाचंही नाव होतं.

संध्याकाळी भाऊ आणि दहा वर्षांचा भाचा मग्रिबला मशिदीत गेले. भाचा परत आला तो प्रश्न घेऊनच. ओमानात इबादी पंथाचे लोक बरेच आहेत आणि ते नमाजात हात बांधत नाहीत, खाली सोडतात. आम्ही कोकणी लोक शाफई. "दादीजान, माझ्या बाजूच्या काकांनी हातच बांधले नाहीत!" अम्मी तसबीह ओढत होती. तिने विचारलं, "तुझे हात बघून ते काही बोलले?" "नाही. नमाजनंतर मला खजूर दिला." "मग तूही काही बोलू नकोस. खजूर खा." मतभेद कसे निभावायचे यावर मी शाळेत अनेक तास घेतले आहेत, पण इतक्या थोडक्यात मला कधी जमलं नाही.

रात्रीचं जेवण सगळ्या पाहुण्यांचं एकत्र: भात, कोंबडीचा रस्सा, डाळ, तव्यावरची कागदासारखी पातळ रखाल रोटी. जेवणानंतर यजमानाने मुलांना गोष्ट सांगितली. हजरत सुलेमान (अलैहिस्सलाम) ओमानवरून जात होते, तेव्हा इथली तहानलेली जमीन पाहून त्यांनी जिन्नांना हुकूम दिला आणि त्यांनी दहा दिवसांत दहा हजार कालवे खणले, अशी इथली लोककथा आहे. या कालव्यांना 'फलज' म्हणतात. जमिनीखालून खोदून आणलेल्या एका प्रकाराच्या फलजाला तर 'दाऊदी' असंच नाव आहे, सुलेमान बिन दाऊद यांच्यावरून. जिन्नांची गोष्ट गोष्टीच्या जागी, पण माणसांनी घडवलेली ही व्यवस्था खरोखर जुनी आहे. ओमानात आजही सुमारे ३००० फलज वाहते आहेत. त्यांतले पाच २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले. मिस्फाचा फलज त्या पाचांत नाही, पण गाव उभं आहे ते त्याच्याच जिवावर.

रात्री थंडी होती. झोपताना ऐकू येत होता तो फक्त पाण्याचा आवाज. खिडकीखालून हातभर रुंदीचा पाट वाहत होता.

शुक्रवारी फजरनंतर यजमान आम्हाला बागेत घेऊन गेला. अम्मी गच्चीवरच थांबली, आम्ही पाटाच्या कडेकडेने चालत गेलो. डोंगरातून येणारं पाणी आधी पिण्यासाठी भरून घ्यायच्या जागी येतं. त्याच्या वरच्या अंगाला कुणी हातपायसुद्धा धुवायचे नाहीत. त्यानंतर वजू आणि अंघोळीच्या जागा, आणि मग बागा. बागांतही आधी खजुरासारखी कायमची झाडं, आणि पाणी उरलं तर हंगामी भाजी. जानेवारीत झाडांवर खजूर नव्हते, पण खाली कांदा, लसूण, गुरांचा लसूणघास हिरवा होता. मध्ये केळी, लिंबं, पपया. केळी पाहून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

पाणी मोजतात ते वेळेने. सुमारे अर्ध्या तासाच्या पाण्याला 'अथर' म्हणतात. पूर्वी दिवसा जमिनीत रोवलेल्या काठीची सावली पाहून आणि रात्री ठराविक तारे उगवताना पाहून अथर मोजत. आता हातात घड्याळ आहे. कुणाचे दोन अथर, कुणाचा एक, कुणाचा अर्धा. फलजाचा एक वकील असतो, तो हिशेब ठेवतो. पाण्याचे काही हिस्से मशिदीसाठी वक्फ केलेले असतात. ज्याची पाळी आली त्याने आपल्या बागेच्या तोंडाचा दगड काढायचा, वेळ संपली की पुन्हा बसवायचा. दगडाला चिंध्या गुंडाळलेल्या, पाणी झिरपू नये म्हणून. बाकी ना कुलूप, ना चौकीदार.

मी सहज विचारलं, "मालक वारला की त्याच्या पाण्याचं काय होतं?"

"जमिनीचं होतं तेच," तो म्हणाला. "वारसांत वाटलं जातं, शरीअतप्रमाणे. बायकोला, मुलांना, मुलींना."

"मुलींनाही?"

त्याला माझा प्रश्नच समजला नाही. मग म्हणाला, "माझी आत्या निझव्यात राहते. तिची इथे बाग नाही. पण तिची पंधरा मिनिटं आहेत. ती ते पाणी शेजाऱ्याला भाड्याने देते. कधी मला देते, पण मागितल्यावर. तिचं पाणी तिचं आहे."

भाऊ माझ्या मागेच चालत होता. त्याने हे ऐकलं, मलाही कळलं की त्याने ऐकलं. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

वाचक भगिनींना मी हे का सांगते ते कळेल. आपल्याकडे मुलीचा हिस्सा कुरआनात स्पष्ट सांगितलेला आहे, हे सगळ्यांना पाठ असतं. पण वाटणीच्या दिवशी बहिणीने "माझं मी भावांना माफ केलं" म्हणावं, अशी अपेक्षा असते, आणि तसं म्हणणारी बहीण चांगली ठरते. माझे भाऊ वाईट नाहीत. दोघांनी मला कधी काही कमी केलं नाही. पण हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवण्याआधी मला कुणी विचारलंही नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाही विचारलं जावं असं वाटलं नव्हतं, ते त्या पाटाच्या कडेला उभं राहून वाटलं.

खालच्या बागेत एक मजूर वाफ्यांची माती सारखी करत होता. बांगलादेशी, चितगावच्या बाजूचा. या गावातल्या बागांमधलं बरंचसं रोजचं काम आता त्याच्यासारख्या परदेशी माणसांच्या हातांवर चालतं. पाळीची वेळ त्याला पाठ होती. यजमान घड्याळ बघायच्या आधीच त्याने दगड सरकवला. पाणी वाफ्यात शिरलं तसं तो थोडं थांबून बघत राहिला. मी विचारलं, "गावी तुमची शेती आहे?" "आहे, पण बघायला कोण? भाऊ मलेशियात."

मला हसूही आलं आणि कसंतरीही झालं. आमच्या कलमांची राखण नेपाळहून आलेलं एक कुटुंब करतं. आमचा मुलगा मस्कतला, मस्कतच्या बागेत चितगावचा माणूस, चितगावचा भाऊ मलेशियात. ज्याचं त्याचं घर सोडून प्रत्येक जण दुसऱ्याच्या घराची निगा राखतो आहे. मिस्फाला मी उगाच आदर्श गाव म्हणणार नाही. सकाळी दहानंतर गाड्या भरभरून पर्यटक आले. पाटी वाचूनही काही जण उघड्या खांद्यांनी फिरत होते, दोघं पाटात पाय सोडून बसले होते, त्यांना एका म्हाताऱ्याने हात जोडल्यासारखं करून उठवलं. वर राहणाऱ्या बायकांनी या वेळी खालच्या गल्लीत यायचं जवळजवळ सोडून दिलं आहे, असं यजमानाच्या बायकोने भावजयीला सांगितलं. घर वाचतं, त्याची अशीही किंमत असते.

तरीही एक गोष्ट मनात राहिली. या लोकांनीही जुनी घरं सोडली, आपल्यासारखीच. पण त्यांची गावाशी गाठ सुटली नाही, कारण पाण्याची पाळी सुटली नाही. पाळी आली की कुणीतरी खाली उतरतंच: स्वतः, मुलगा, नाहीतर नोकर. उतरलं की भिंतीची भेग दिसते, छत दिसतं, शेजारी भेटतो. आधी पाळी टिकली, मग घर. नुसत्या आठवणीने घर टिकत असतं तर आमचं घर कोकणात सगळ्यांत पक्कं असतं.

त्या रात्री गच्चीवर अम्मीने स्वतःच विषय काढला. भावाला म्हणाली, "विकायला माझी ना नाही. अडचण असेल तर विका. पण दोन गोष्टी. माझा आठवा हिस्सा आणि तुझ्या बहिणींचे हिस्से आधी कागदावर लिही. त्यांना द्यायचं असेल तर नंतर त्या देतील, मनापासून. सही आधी आणि मन नंतर, असं नको. आणि दुसरं म्हणजे, विकायच्या आधी एक वर्ष पाळी लाव. चार मुलं आहात. एकेकाने पंधरा-पंधरा दिवस त्या घरात राहून या. मग सांगा, नको म्हणून."

भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अम्मी, पंधरा दिवस सुट्टी कोण देतो?" "आठ दिवस राहा," अम्मी म्हणाली. "पंधरा मिनिटांचं पाणीसुद्धा पाणीच असतं."

भाची उत्साहाने म्हणाली, "आपणही पाहुणे ठेवू या, दादीजान!" त्यावर अम्मी यजमानाच्या वडिलांसारखीच बिचकली. "आधी आपण तर पाहुणे होऊन बघू," एवढंच बोलली.

कुणाला जायचं असेल तर थोडं कामाचं. ऑक्टोबर ते मार्च हे दिवस चांगले. जानेवारीत रात्री शाल-स्वेटर लागतोच. जुन्या घरांतल्या खोल्या थोड्याच असतात, म्हणून गुरुवार-शुक्रवारच्या मुक्कामाचं आधीच ठरवावं. न्हाणीघर खोलीला लागून आहे का, हे विचारून घ्यावं. घरात वयस्कर माणूस असेल तर वाहनतळाच्या जवळचं घर मागावं, आम्ही ते केलं नाही आणि अम्मीच्या गुडघ्यांनी त्याची शिक्षा भोगली. न विचारता बायकांचे फोटो काढू नयेत. पर्यटक पांगल्यावर, असरनंतर बागेत फिरावं. निझव्याचा शुक्रवार सकाळचा गुरांचा बाजार पाहायचा तर फजरनंतर लगेच निघावं. आमचा तो राहिला.

मे महिन्यात भाऊ गावी आला. निबंधक कार्यालयात आम्ही गेलो नाही. पहिले दोन दिवस त्याने कुरकुर करत जाळी काढली, तिसऱ्या दिवशी शाकारायला माणसं बोलावली. कौलं दोनशेच्या वर फुटलेली निघाली. माजघरातला एक वासा वाळवीने पोकळ झालेला होता, तो वरून चढल्याशिवाय कुणाला कधीच दिसला नसता. जुम्म्याला तो गावच्या मशिदीत गेला तर तीन म्हाताऱ्यांनी त्याला अब्बांच्या नावाने हाक मारली. त्या रात्री त्याने मला फोन केला, पण त्याबद्दल काही बोलला नाही, वाशाच्या खर्चाबद्दलच बोलत राहिला.

मोठ्या भावाला हे अजून पटलेलं नाही. भावनेवर घर उभं राहत नाही, असं तो म्हणतो, आणि तो चुकीचं बोलत नाही. गिऱ्हाईक अजून फोन करतं. वर्षाअखेर काय ठरेल ते अल्लाहला ठाऊक. पण मस्कतच्या त्यांच्या फ्रिजवर भाचीने चौकटी आखून एक कागद लावला आहे, त्याचा फोटो तिने आम्हा सगळ्यांना पाठवला. मे महिन्याच्या चौकटीत बरोबरची खूण आहे. बहिणीचा डिसेंबर आहे. माझा सप्टेंबर, पाऊस ओसरताना, इन्शाअल्लाह. अम्मी माझ्याबरोबर येणार आहे. मोठ्या भावाची चौकट कोरी आहे. भाचीने ती पुसू का म्हणून विचारलं, तर अम्मीने नको म्हटलं.